शापित बेटावरची पंगत



परगावी गेलेल्या माणसाला खानावळीत पाय ठेवताच एकच प्रश्न पडतो : येथे मागवावे काय? तो शेजारच्या ताटात हळूच डोकावतो, वाढप्याला विचारतो, आणि शेवटी घरी रोज खातो तेच मागवून मोकळा होतो. इतका घरगुती प्रश्न व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कशाला आणावा, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. पण इटलीच्या उत्तर भागात एक चिमुकले बेट आहे. तेथल्या एका खानावळीपुरता हा प्रश्न सोडवू गेले, तर माणूस थेट बाराव्या शतकातल्या एका जळत्या नगराच्या वेशीशी जाऊन उभा राहतो. आज आपण तेथवर जाऊन परत यायचे आहे.

प्रश्नाचा जबाब प्रथमच देऊन टाकतो. त्या खानावळीत काही मागवायचे नसे. १९४७ साली ती सुरू झाली आणि त्यानंतर सात दशकांहून अधिक काळ तेथे जेवणाचा एकच क्रम चालत आला. पदार्थांची यादी कोणी पुढे करीत नसे आणि निवड कोणी विचारीत नसे. राजा येवो, नट येवो, की जवळच्या गावातला सुतार येवो, सर्वांच्या पुढे तेच पदार्थ त्याच क्रमाने येत. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. पंगतीत बसलेला माणूस काय मागवू असे कधी विचारतो काय? पान मांडलेले असते आणि आपण बसायचे असते. युरोपातल्या माणसाला मात्र हे नवल वाटे. जेवणानंतर तेथे जी गोष्ट सांगितली जाई, तिने तर तो अधिकच चकित होई. त्या गोष्टीत खरे किती आणि मागाहून रचलेले किती, हे पाहणे हाच आजचा विषय.

प्रथम जागा समजून घेऊ. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी कोमो नावाचे सरोवर आहे. लारियो हे त्याचे जुने नाव. दोन पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा त्याचा आकार आहे. त्याच्या नैर्ऋत्येकडील पायाच्या टोकाशी कोमो हे नगर आहे आणि आग्नेयेकडील पायाच्या टोकाशी लेक्को. मान्झोनीची प्रसिद्ध कादंबरी ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या लेक्कोच्याच बाजूला सुरू होते. चारशे मीटरांहून अधिक खोल असलेल्या या पाण्यात बेट असे एकच आहे, त्याचे नाव कोमाचिना. लांबी सुमारे सहाशे मीटर, रुंदी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. पश्चिमेचा किनारा इतका जवळ की हाक मारली तर पलीकडे ऐकू यावी. मधल्या शांत, उबदार पाण्याला तेथले लोक ‘तेलाचा खळगा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, कारण इतक्या उत्तरेला असूनही त्या किनाऱ्यावर ऑलिव्हची झाडे वाढतात.

इतके लहान बेट इतिहासात का यावे? भोवती पाणी असलेली भिंत पाडता येत नाही, हे त्याचे कारण. ५६८ साली लाँगोबार्ड टोळ्या इटलीत उतरल्या आणि रोमन साम्राज्याची सत्ता उत्तरेत कोसळली. तरी या बेटावर फ्रांचो नावाचा साम्राज्याचा एक सेनापती पुढे वीस वर्षे तग धरून राहिला. राजा औतारी याच्या सैन्याने सहा महिने वेढा घातला तेव्हा कोठे, ५८८ च्या सुमारास, त्याने शरणागती पत्करली. पॉल द डीकन हा आठव्या शतकातला इतिहासकार सांगतो, की फ्रांचोला बायको आणि सामानसुमानासह राव्हेन्ना नगरीला जाऊ दिले, आणि बेटावर अनेक नगरांनी सुरक्षित म्हणून ठेवलेली मोठी संपत्ती सापडली. म्हणजे सहाव्या शतकातच हे बेट आसपासच्या मुलखाची तिजोरी झाले होते. त्यानंतर हरलेले राजे आणि बंडखोर सरदार यांनी येथे वारंवार आश्रय घेतला. पुढे बेटावर तटबंदी झाली, घरे झाली, देवळे झाली. त्यांपैकी संत युफेमियाचे देऊळ मोठे होते आणि त्याचा पाया आजही पाहता येतो.

आता वैराची गोष्ट येते. बाराव्या शतकात लोंबार्डीतली नगरे धनवान झाली आणि धनाबरोबर भाऊबंदकीही आली. मिलान आणि कोमो यांच्यात १११८ मध्ये युद्ध पेटले, ते १० वर्षे चालले. एका अज्ञात कवीने त्यावर लॅटिन काव्य रचले आहे. आपल्या गावाच्या हालांना त्याला ट्रॉयचीच उपमा सुचली. या युद्धात बेटावरच्या लोकांनी शेजारच्या कोमोची बाजू सोडली आणि दूरच्या, पण बलाढ्य अशा मिलानचा हात धरला. ११२७ साली कोमो पडले. तट पाडले गेले, घरे जाळली गेली, लोक आसपासच्या वस्त्यांत पांगले. त्या आगीच्या उजेडात बेटावरच्या नावाही दिसल्या होत्या, हे कोमोचे लोक विसरले नाहीत.

चाक फिरायला पस्तीस वर्षे लागली. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा इटलीत उतरला. त्याने कोमोला उभे केले आणि ११६२ मध्ये मिलान जमीनदोस्त केले. पाठीराखाच नाहीसा झाल्यावर बेट किती दिवस टिकणार? ११६९ साली कोमोच्या लोकांनी त्यावर चालून जाऊन घरे, तट आणि देवळे सगळे भुईसपाट केले. वाचले ते सरोवर ओलांडून पलीकडच्या काठावर वारेन्नाला गेले आणि तेथे त्यांनी नवा संसार मांडला. वारेन्नाला काही काळ ‘नवे बेट’ असेच म्हणत. पुढे ११७५ मध्ये सम्राटाने आज्ञा काढून बेटावर पुन्हा बांधकाम करण्यास बंदी केली.

या लौकिक आज्ञेच्या जोडीला परंपरेने एक अलौकिक आज्ञाही जपली आहे. कोमोचा बिशप विदुल्फो याने बेटाला शाप दिला, असे सांगतात. त्या शापात तीन गोष्टी आहेत. येथे पुन्हा घंटा वाजू नये. येथे दगडावर दगड चढू नये. आणि येथे कोणी पाहुण्यांना खाऊपिऊ घालणारा खानावळवाला होऊ नये, झाल्यास त्याला अपमृत्यू येईल.

पहिल्या दोन गोष्टी समजण्याजोग्या आहेत. पण तिसरी? बिशपाने खानावळवाल्यावर का घसरावे? मला वाटते, शाप कोणीही रचला असो, रचणाऱ्याला नगर म्हणजे काय हे नेमके ठाऊक होते. देवाची घंटा, माणसाचे घर आणि परक्याला मिळणारा घास, या तीन गोष्टी असल्या की गाव असतो. घंटा आणि घर गेले तरी वाटसरूला भाकर मिळते तोवर गाव पुरता मेला असे म्हणता येत नाही, म्हणून शत्रूने तीही बंद केली. आपल्याकडे ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ हा वाक्प्रचार आहे. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवाने पुणे जाळून तेथे तसा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाई व बालशिवाजी यांच्या काळी सोन्याच्या फाळाने ती भूमी पुन्हा नांगरली, असे परंपरा सांगते. गाव उजाड करणाऱ्याला भिंती पाडून समाधान होत नाही, पुन्हा कोणी वसू नये असा धाकही मागे ठेवावा लागतो. पुण्यावरचा धाक थोड्या वर्षांत उतरला. कोमाचिनाला मात्र पावणेआठशे वर्षे थांबावे लागले.

मधल्या काळात बेट अगदी निर्जन नव्हते. शेतीभाती होई, आणि सतराव्या शतकात संत योहानाचे एक लहान देऊळही उभे राहिले, म्हणजे शापाचे दुसरे कलम तेव्हाच मोडले होते! पण वस्ती अशी झाली नाही. आठवण मात्र किनाऱ्यावर राहिली. दर वर्षी जूनच्या अखेरीस, संत योहानाच्या सणाला, लोक गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत तेल घालून वाती लावतात आणि असे असंख्य दिवे रात्री पाण्यावर सोडतात. ‘लुमागित’ हे त्या दिव्यांचे नाव. मग बेटावर शोभेची दारू उडते, ती त्या जुन्या आगीची आठवण म्हणून. दुसऱ्या दिवशी अवशेषांमध्ये प्रार्थना होते. गंगेच्या घाटावर किंवा त्रिपुरी पौर्णिमेला नदीकाठी सोडलेले दिवे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते दृश्य डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही.

विसाव्या शतकात बेटाचे नशीब विचित्र रीतीने पालटले. १९१७ साली काप्रानी नावाच्या मालकाने मृत्युपत्र करून हे बेट बेल्जमच्या राजाला, पहिल्या आल्बर्टला, देऊन टाकले. जर्मन सैन्याशी झुंजणाऱ्या त्या राजाविषयी तेव्हा युरोपभर आदर होता. राजाने काही वर्षांतच ते इटलीला परत दिले, आणि कलावंतांच्या उपयोगासाठी ते मिलानच्या ब्रेरा कला अकादमीच्या व्यवस्थेखाली आले. पिएत्रो लिंजेरी या वास्तुशिल्पज्ञाने १९४० पर्यंत तेथे चित्रकारांसाठी दगड आणि लाकूड वापरून तीन नेटकी घरे बांधली. तेवढ्यात दुसरे महायुद्ध आले आणि चित्रकार यायचे तसेच राहिले.

आणि मग १९४७. युद्धाने होरपळलेला देश, आणि मोकळ्या हवेत चार घटका बसावे अशी माणसांना लागलेली ओढ. सरोवरकाठचा लीनो नेस्सी नावाचा एक गृहस्थ बेटावर खानावळ घालायला निघाला. ‘कोतोलेत्ता’, म्हणजे कटलेट, या टोपणनावाने तो ओळखला जाई. त्याच्याबरोबर दोन भागीदार होते असे सांगतात. एक रेशमाचा व्यापारी कार्लो साक्की, आणि दुसरा वेगवान बोटींच्या शर्यतींचा शौकीन. सप्टेंबर १९४८ मध्ये याच सरोवराच्या काठी, व्हिला देस्ते या आलिशान हॉटेलातल्या एका समारंभात, पिया बेल्लेंतानी या सरदारपत्नीने साक्कीला गोळी घालून ठार केले. तो खटला इटलीभर गाजला. दुसरा भागीदारही अपघातात गेला. तेव्हा काठावरच्या लोकांना बिशपाचा शाप आठवला. खानावळवाल्याला अपमृत्यू! मग तेथे राहणाऱ्या एका इंग्रज लेखिकेने तोड सुचवली, की शाप अग्नीने उतरवावा. त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाच्या अखेरीस अग्नीचा विधी सुरू झाला. यजमान डोक्यावर लोकरीची टोपी चढवी, घंटा वाजवी, बेटाची कहाणी सांगे, मोठ्या भांड्यात ब्रँडी आणि साखर पेटवी, आणि ते निळे ज्वालामय पेय कॉफीत ओतून पाहुण्यांना देई.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबले पाहिजे. कार्लो साक्कीला कोणी मारले आणि का, हे न्यायालयात शाबीत झाले आहे. त्याचे कारण प्रेमप्रकरणात होते, बाराव्या शतकात नव्हते. आणि अग्नीचा तो विधी जुना नाही, तो माझ्या-तुमच्या आजोबांच्या काळातला आहे. खरी आग ११६९ ची, शाप परंपरेतला, आणि विधी विसाव्या शतकातला. हे तीन थर वेगळे ठेवता आले, तर गोष्टीचा आनंद कमी होत नाही. उलट सांगणारा कोण आणि कशासाठी सांगतो, हे कळू लागते. व्यवसाय नवा होता, जागा आडबाजूची होती, दोन माणसे गेली होती. भीतीचेच भांडवल करून तिची गोष्ट बनवणारा तो खानावळवाला मोठा धोरणी आणि धीराचा म्हटला पाहिजे.

आता ताटाकडे वळू. प्रथम येई टोमॅटोची जाड चकती, वर लिंबाची फोड. तिच्याबरोबर वेगवेगळ्या वाडग्यांत भाज्या, त्यांत भट्टीत भाजलेला अख्खा कांदा विशेष नावाजलेला. जोडीला भाजलेले डुकराचे मांस, आणि सरोवराच्या उत्तरेच्या व्हाल्तेल्लिना खोऱ्यात मीठ लावून हवेत वाळवतात ते गोमांस. दुसऱ्यांदा येई ट्राउट मासा, निखाऱ्यावर भाजलेला आणि नुसते मीठ, तेल व लिंबू लावलेला. या पद्धतीला तेथे ‘चोरट्या व्यापाऱ्यांची’ म्हणत. स्वित्झर्लंडची सरहद्द जवळ, त्यामुळे डोंगरवाटांनी तंबाखू आणि कॉफी पाठीवरून आणणारांची त्या मुलखात एक जातच होती. त्यानंतर कढईत खरपूस तळलेली कोंबडी आणि हिरवा पाला. मग परमेझान चीजच्या मोठ्या चाकातून फोडून काढलेला खडा. शेवटी संत्र्याच्या चकत्या, आइस्क्रीम आणि केळ्याचे मद्य. आणि अखेर ती अग्निकॉफी.

कल्पना करा, की ११६९ साली त्या आगीतून वारेन्नाला पळालेला एखादा कोळी या पंगतीला येऊन बसला. त्याला यातले काय ओळखू येईल? मासा येईल, तो त्याच्याच सरोवरातला. तेल येईल, समोरच्याच काठावरचे. कांदा, कोंबडी, मीठ लावून वाळवलेले मांस आणि द्राक्षाची दारू हे त्याच्या घरचेच. चीज पाहून तो ओळखीचे हसेल. परमेझानचा लौकिक मात्र त्याच्या नातवंडा-पणतवंडांच्या काळात वाढला, बोकाच्चोने चौदाव्या शतकात ‘डेकॅमेरॉन’मध्ये त्या चीजच्या डोंगराची गंमत केली आहे. पण टोमॅटो? तो अमेरिकेतला. १५४८ साली पिसा येथे कोझिमो मेदिचीच्या वाड्यात टोमॅटोची टोपली आली, अशी नोंद आहे, आणि तो सर्रास खाल्ला जाऊ लागला तो आणखी बराच काळ गेल्यावर. कॉफी व्हेनिसला आली सतराव्या शतकात. केळ्याचे मद्य आणि आइस्क्रीम हे तर त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नसणार.

संत्र्यापाशी आपण मात्र क्षणभर घरच्या माणसासारखे बसावे. इटालियन भाषेत संत्र्याला ‘अरांचा’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, अरबीत तो फारसीतून, आणि फारसीत आपल्या ‘नारंग’ या संस्कृत शब्दावरून. आंबट जातीचे नारिंग अरबांबरोबर आधी गेले आणि गोड संत्रे पंधराव्या-सोळाव्या शतकांत व्यापाऱ्यांबरोबर. म्हणजे त्या दूरच्या बेटावरच्या पंगतीत आपलाही एक शब्द पानात वाढला जात होता. आणि टोमॅटो पाहून आपण त्या कोळ्याला हसू नये. मिरची ही आपल्या स्वयंपाकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून आली, ती अमेरिकेतूनच. ज्ञानेश्वरांच्या काळच्या माणसाला आपल्या झणझणीत रश्श्याचे एक बोटही सोसले नसते. ज्याला आपण वाडवडिलांचे जेवण म्हणतो, त्यातले निम्मे पाहुणे असते.

मग त्या खानावळीने ‘कधीही न बदललेले जेवण’ म्हणून मिरवले ते खोटे काय? नव्हे. जेवण १९४७ चे होते आणि १९४७ चेच राहिले. सगळा जिन्नस होडीतून आणावा लागणाऱ्या बेटावर, टंचाईच्या दिवसांत, थोडे आणि ठरलेले पदार्थ करणे हेच शहाणपणाचे होते. गरजेतून आलेला नियम पुढे रिवाज झाला, आणि रिवाज जुना होताच लोक त्याला इतिहास म्हणू लागले. बहुतेक सारे रिवाज याच वाटेने आले आहेत. आपल्या घरचे सण आणि नैवेद्य या दृष्टीने एकदा तपासून पाहावेत, अशी माझी सूचना आहे. त्यांच्यावरची श्रद्धा त्याने उणावणार नाही. ज्या आजीने टंचाईच्या साली एखाद्या पदार्थात नारळाऐवजी दाण्याचे कूट घातले आणि तेच पुढे घराण्याची रीत म्हणून रूढ झाले, तिच्याविषयी आदरच वाढेल.

श्रोतेहो, या सगळ्यात महत्त्वाचे ते एवढेच. कोमोने बेट जाळले, कारण बेटाने कोमो जळताना पाहिले होते. कोमो जळाले, कारण मिलानला तसे हवे होते. मिलान जळाले, तेव्हा कोमोच्या लोकांनी हातभार लावला. या माळेत प्रत्येकाजवळ आधीच्या आगीचे सबळ कारण होते. न्याय प्रत्येकाच्याच बाजूला होता, आणि राख सर्वांच्या वाट्याला आली. ही माळ तोडायला कोणा सम्राटाचे आज्ञापत्र उपयोगी पडले नाही, कारण आज्ञापत्रे बहुधा नव्या आगीसाठीच निघत. आज त्या सणाला दोन्ही काठांचे लोक एकाच पाण्यावर दिवे सोडतात, कोणाचे आजोबा कोणाच्या बाजूला होते हे कोणी विचारीत नाही.

आणि शापाचे तिसरे कलम मोडले ते एका साध्या खानावळवाल्याने. त्याने तलवार उपसली नाही की तट बांधला नाही. होडीतून कांदे आणले, चूल पेटवली, आणि येईल त्याला बसा म्हणाला. ज्या आगीने गाव नेला होता, तीच त्याने चुलीत आणि कॉफीच्या भांड्यात आणून ठेवली.

तेव्हा त्या बेटावर काय मागवावे, या प्रश्नाचा माझा जबाब सांगून मी आपली रजा घेतो. काही मागवू नये. पुढ्यात येईल ते खावे, वाढणाऱ्याला त्याची गोष्ट विचारावी, आणि ती गोष्ट किती जुनी, हे मनातल्या मनात मोजावे. आणि भाजलेला कांदा पानात टाकू नये, कारण त्या ताटात ११६९ च्या माणसाने हात पुढे करून मागून घेतला असता, असा तो पदार्थ आहे.